तीन रकान्यांची वही

मिलिंद,

मरणाला इंग्रजीत किती नावं आहेत, ते काल मी तुझ्या वहीत मोजलं. चौदा सापडली. बादलीला लाथ मारणं, लाकडी जोडे विकून टाकणं, शेत विकत घेणं. शेताच्या पुढे तू लिहून ठेवलं आहेस, ‘आपल्याकडं शेत घेतलं त पेढे वाटतात, यांच्याकडं माणूस जाते.’ मला हसू आलं. तू गेल्यापासून पहिल्यांदाच हसले, आणि मग उठून तोंड धुऊन आले.

आज तेवीस दिवस झाले. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना होऊन सगळे पांगल्यावर संगीताने ही वही माझ्या हातात ठेवली. म्हणाली, ताई, हे तुमच्यापाशीच राहू द्या, मले यातलं काई समजत नाई. मलाही समजत नाही, हे तिला कोण सांगणार? नवऱ्याची बहीण सव्वीस वर्षं शाळेत मराठी शिकवते, म्हणजे तिला सगळंच भाषेचं कळत असेल, असा बिचारीचा समज. मी वही घेतली, पिशवीत घातली आणि पिपरीला घरी आणून आठ दिवस कपाटात ठेवून दिली. उघडायचा धीर होत नव्हता. तुझं अक्षर तुझ्यासारखंच आहे ना, उजवीकडे झुकलेलं, घाईत असलेलं. ते पाहिलं की तू आत्ता दारातून येऊन ‘ताई, पाणी दे’ म्हणशील असं वाटतं.

लांबट रजिस्टर, प्रत्येक पानावर तीन रकाने. पहिल्यात इंग्रजी बोल, तोही नागरीत लिहिलेला, कारण तुझं म्हणणं असं की उच्चार हुकला की अर्थही हुकतो. दुसऱ्यात, आपल्याकडं काय म्हणतात. आणि तिसऱ्यावर मथळा आहे, ‘कुठं बोलू नये’. तुझा हा तिसरा रकाना मी याआधी कधी वाचलाच नव्हता. तू कितीदा वही माझ्यापुढे केली असशील आणि मी कितीदा वरवर पाहून ‘छान’ म्हटलं असेन. आता रोज संध्याकाळी एक-एक पान वाचते. ‘आय ॲम गटेड’च्या समोर लिहिलंस, ‘आतडी काढून घेतल्यावानी होणं. वेचलेला कापूस अवकाळीनं भिजला तवा बाबा ओसरीत बसले होते तसं.’ आणि पुढे, ‘इंटरव्ह्यूत नाई.’ ‘पुल युअर सॉक्स अप’ला लिहिलंस, ‘कंबर कसणं. मोठ्या माणसाले म्हणू नये.’ आणि ते ‘बॉब्ज युअर अंकल’. दुसऱ्या रकान्यात नुसतं ‘झालं काम’, आणि तिसऱ्यात, ‘बॉब कोण ते विचारू नये. त्याईलेही माहीत नाई.’

हे असं तू पोरांना शिकवायचास, आणि मी त्याला चिखल म्हणायचे.

तुला हा शब्द किती लागला असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही. मी म्हणायचे, इंग्रजी शिकवायचीच तर शुद्ध शिकव, व्याकरण शिकव, हा रस्त्यावरचा चिखल कशाला उचलून आणतोस? तू फार भांडायचा नाहीस. फक्त एकदा, दोन वर्षांपूर्वी, माझ्याच घरी जेवताना तू म्हणालास, “ताई, तू पोरांले वर्गात ‘मले’ म्हणू देत नाई. अन् घरी त्यायची माय ‘मले’च म्हणते. मंग त्या पोरानं समजाव काय, का माय चुकते?”

मी म्हटलं, माय चुकत नाही, पण परीक्षेत ‘मला’च लिहावं लागतं.

“परीक्षेत लिहाव लागते, कबूल. पण तुह्या चेहऱ्यावर जे येते ना, ते परीक्षेचं नसते.”

मी तुला पोळी वाढली आणि विषय बदलला. माझ्या चेहऱ्यावर काय येतं, ते तू लहानपणापासून पाहत होतास. मला ठाऊक आहे तुला काय आठवलं होतं. मलाही तेच आठवलं होतं.

आपल्या गावच्या, आंजीच्या शाळेतली वक्तृत्व स्पर्धा. तू अकरा वर्षांचा, मी विशीतली, डी.एड. करून नुकतीच परत आलेली. भाषण मी लिहून दिलेलं, महिनाभर पाठ करून घेतलेलं. तू स्टेजवर उभा राहिलास, खणखणीत सुरुवात केलीस आणि तिसऱ्या वाक्यात मनानेच काहीतरी बोललास. ‘मले असं वाटते का...’ वर्ध्याहून आलेल्या परीक्षकांपैकी एकजण हसले. मग दुसरे हसले. मग सगळं पटांगण. तू मध्येच खाली उतरलास. मी तुला जवळ घ्यायला हवं होतं. मी तुला तिथेच, शाळेच्या भिंतीमागे उभं करून शंभर वेळा ‘मला’ म्हणायला लावलं. तू म्हणालास, एकही आसू न काढता, पूर्ण शंभर. त्यानंतर तू कधी मराठीत भाषण केलं नाहीस. तुझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा माइक हातात दिला तर तू इंग्रजीत दोन वाक्यं बोललास, आणि मला वाटलं, आखडतोय.

फार उशिरा कळलं मला. तूच एकदा बोलता बोलता सांगितलंस की इंग्रजीत मले बरं वाटते ताई, तिथं आपण सारेच चुकतो, कोणी कोणाले हासत नाई. तू ते सहज सांगितलंस. मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागी होते.

पुण्यालाही तू म्हणूनच गेलास. बी.ए. झाल्या-झाल्या, फोनवर बोलायच्या त्या कंपनीत. इंग्लंडातल्या लोकांचे टेलिफोन, त्यांची बिलं, त्यांच्या तक्रारी. दुपारी दोनला जायचास, कानाला ते यंत्र लावायचास आणि मिलिंदचा मार्क व्हायचास. बाबा गावभर सांगायचे, पोरगा साहेबाशी साहेबाच्या भाषेत बोलते. दोन वर्षांनी एक दिवस बॅग घेऊन परत आलास आणि कंपनी बंद पडली म्हणालास. आम्ही विश्वास ठेवला. तेव्हा रोज काहीतरी बंद पडत होतंच.

खरी गोष्ट तू मला बाबा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात सांगितलीस. आंजीच्या घरी ओसरीत आपण दोघं तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी ती गोष्ट त्यानंतर कुणालाच सांगितली नाही, आज पहिल्यांदा लिहिते आहे. चुकलं काही तर समजून घे.

इंग्लंडच्या उत्तरेकडची एक म्हातारी. तिला तिचा टेलिफोन बंद करायचा होता. तुमच्या कंपनीचा नियम असा की गिऱ्हाईक जाऊ द्यायचं नाही, काहीतरी सवलत देऊन थांबवायचं. तू गोड आवाजात कारण विचारलंस. ती म्हणाली, आय विल बी पॉपिंग माय क्लॉग्ज सून, लव्ह. ‘क्लॉग’ म्हणजे नळ तुंबणं, एवढं तुला माहीत होतं. तू तिला नम्रपणे सांगितलंस की नळाचं काम आमच्याकडे येत नाही, पण टेलिफोनची एक फार चांगली योजना आहे. ती हसायला लागली. खोकला लागेपर्यंत हसली. आणि तू तिला स्वस्तातली दोन वर्षांची योजना विकलीस. ती हो म्हणाली. तुझ्या साहेबाने सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या.

चहाच्या सुट्टीत तू नळाचा किस्सा रंगवून सांगितलास, तेव्हा तिथल्या एका जुन्या मुलीने तुला अर्थ सांगितला. गिरणीत जाणारे लोक पूर्वी लाकडी जोडे घालत. जोडे विकायची वेळ आली म्हणजे माणूस संपला. ती बाई तुला सांगत होती की मी आता थोड्या दिवसांची सोबती आहे. आपल्या आईच्या भाषेत, माझ्या गवऱ्या मसनात गेल्या. आणि तू तिला दोन वर्षांचं काहीतरी विकलं होतंस.

दुसऱ्या दिवशी तू कोणाला न विचारता, कंपनीच्याच फोनवरून तिला परत फोन केलास. पहिल्यांदा खरं नाव सांगितलंस. ती म्हणाली, मिलिंद म्हणजे काय? तू म्हणालास, भुंगा. ती म्हणाली, मग तू कामसू भुंगा दिसतोस. तू माफी मागितलीस. तिने ऐकून घेतलं आणि सांगितलं की डॉक्टरांनी काही आठवडेच दिले आहेत, आणि मी गेल्यावर रिकाम्या घरात फोन वाजत राहावा असं मला वाटत नाही, म्हणून बंद करायचा होता. तू तिची योजना रद्द केलीस. मग ती म्हणाली, कागद घे आणि लिहून घे, नाहीतर पुढच्या म्हातारीलाही तू नळ दुरुस्त करून देशील. तिने तुला अकरा बोल सांगितले, एकेकाचा अर्थ, कुणासमोर बोलायचे, कुणासमोर नाही. पंचवीस मिनिटं. तेच या वहीचं पहिलं पान. तुमचं सगळं बोलणं कंपनीच्या यंत्रात साठवलं जात होतं. त्याच आठवड्यात तुला जायला सांगितलं.

हे ऐकून मी काय म्हटलं, ते तुझ्या लक्षात असेलच. मी म्हटलं, एका अनोळखी बाईच्या फोनपायी तू पुण्याची नोकरी घालवलीस? वर बाबांना खोटं सांगितलंस?

तू शेंगा सोलायचा थांबलास. “ताई, ती मराले टेकल्याचं सांगून राह्यली होती अन् मी तिले प्लॅन इकला. काऊन? त तिचा शब्द मले समजला नाई म्हून.”

“मग नीट इंग्रजी शिकायची होतीस.”

“नीट इंग्रजी मले येतच होती. ही नीट नसलेली येत नव्हती.”

मी शेंगांची पाटी उचलून आत गेले. मिलिंद, त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला होता. आत जाऊन मी चुलीपुढे नुसती उभी राहिले होते. असा परत फोन करणारा माणूस माझ्या घरात, माझ्या पाठीवर जन्मला, असं वाटत होतं. पण आपल्या घरात कौतुक तोंडावर करायची रीत नव्हती, आणि मी तर रीत मोडणाऱ्यातली कधीच नव्हते. म्हटलं, सांगू पुढे कधीतरी. तेरा वर्षं होती माझ्याकडे.

मग तू कारंजा घाडग्याला गेलास. सासऱ्यांचा हायवेवरचा धाबा, त्यांचे गुडघे गेलेले, संगीता एकटी मुलगी. मला आवडलं नव्हतं. मी म्हटलं, शिकलेला माणूस भाकरी थापणार का? तू म्हणालास, भाकरी संगीता थापते, मी फक्त जाळतो. दुपारी तीनला जेवणाचे ट्रक निघून जायचे आणि चहाचे अजून यायचे असायचे. त्या दीड तासात तू धाब्यावरच्या खाटा-बाजा एका रांगेत लावून वर्ग भरवायला लागलास. आधी तीन मुली होत्या नर्सिंगच्या. मग कॉलेजातली पोरं, मग एक ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, मग तळेगावकडून सायकलवर येणाऱ्या दोघी बहिणी. मी दोनदाच पाहिला तुझा वर्ग. दुसऱ्यांदा दारातूनच, पहिल्यांदा वीस मिनिटं. तू एका मुलीला उभं करून विचारत होतास, चहा आवडला नाही तर काय म्हणशील, आणि ती मोठ्या ऐटीत म्हणाली, ‘इट्स नॉट माय कप ऑफ टी’, आणि सगळे हसले. तूही हसलास. मग तू तिच्याजवळ जाऊन हळूच समजावलंस की हे चहाबद्दल नाई बोलत बाई, हे सोडून बाकी सगळ्याबद्दल बोलतात. तीसुद्धा हसायला लागली. तुझ्या वर्गात कोणी हसलं म्हणून खाली बसलं नाही, हे मी तेव्हा पाहिलं होतं. बोलले नाही.

तुझी अश्विनी. त्या पहिल्या तिघींमधली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिचा इंग्लंडातून फोन आला, तिकडे ती दवाखान्यात नर्स आहे ना आता. संगीताला रडताना बोलवेना, म्हणून फोन माझ्याकडे आला. ती पोर हुंदके देत सांगत होती की तिथे लागल्याच्या पहिल्या आठवड्यात एका म्हाताऱ्या पेशंटने तिला म्हटलं, मला एक पेनी खर्च करायची आहे. सोबतची दुसऱ्या देशातली मुलगी त्याला सांगत होती की आजोबा, दुकान बंद आहे. अश्विनीने मात्र लगेच त्याला धरून उठवलं आणि बाथरूमला नेलं. तो बिचारा अगदी कसनुसा झाला होता, बिछाना खराब झाला असता. मॅडम, ती म्हणाली, त्यानं माझा हात धरून ठेवला होता. वार्डातल्या सिस्टरनं विचारलं का तुले हे कोणी शिकवलं, त मी म्हटलं, आमच्या धाब्यावरच्या सरानं.

मी तिला म्हटलं, “मले सांगतलं असतं त्यानं हे, त किती बरं झालं असतं.” बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं मी कशी बोलले. तिच्या लक्षात आलं नाही. तिच्यासाठी ते साधंच बोलणं होतं.

आता ते लिहिते, ज्यासाठी मी हे लिहायला बसले.

तू जाण्याच्या चार दिवस आधी, दुपारी, तुझा मेसेज आला. मी घरी नववीचे पेपर तपासत होते. कूलर घरघरत होता, बाहेर ऊन नुसतं पेटलेलं. तू लिहिलं होतंस, ‘ताई, सध्या रनिंग ऑन फ्युम्स.’ एवढंच. फ्युम्स म्हणजे धूर, हे मला कळलं. तुझा तंदूर, ती पत्र्याची खोली, सहा महिन्यांपासून बिघडलेला तो एक्झॉस्ट पंखा. मी लिहिलं, ‘किती वेळा सांगितलं तो पंखा दुरुस्त करून घे. धुराने छाती भरते. ऐकत जा जरा.’ थोड्या वेळाने तुझं उत्तर आलं, ‘हो ताई, करतो.’ मी पुढचा पेपर ओढला.

चौथ्या दिवशी दुपारी वर्ग चालू असताना तू फळ्याजवळच्या बाजेवर बसलास. मुलींना वाटलं, सर दम खात आहेत. दवाखान्यापर्यंत पोचेस्तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. एक्केचाळीस वर्षांच्या माणसाचं. संगीता म्हणाली, महिनाभर झोप नव्हती ताई त्याईले, लग्नसराईच्या ऑर्डरी होत्या, कामाचा माणूस सोडून गेलता, सारं एकटेच करून राह्यले होते, मी म्हटलं दवाखान्यात दाखवा, त म्हणे पेपर झाले का ताई येते, मंग जाऊ.

ताई येते, मग जाऊ. मी पेपर झाले की येणार होते, खरंच.

तो बोल मला मागच्या आठवड्यात, पुढची पानं चाळताना, वहीत सापडला. शेवटून दुसरं पान. ‘रनिंग ऑन फ्युम्स’. आणि समोर तुझ्या झुकलेल्या अक्षरात, ‘टाकीतलं डिझेल संपलं. नुसत्या वासावर गाडी चालून राह्यली. केव्हा बंद पडन, भरोसा नाई.’

मी वही मिटली. धूर नव्हता रे तो. तू मला सांगत होतास की ताई, मी थकलो. तू कधी कोणाला असं म्हटलं नव्हतंस. आपल्या घरात कोणीच म्हणायचं नाही. बाबा वीस किलोमीटर सायकल मारून टपाल वाटून यायचे आणि ‘थकलात का’ म्हटलं तर रागवायचे. आईला ताप असला तरी ती निंदणाला जायची. मराठीत ते तुझ्या तोंडून निघालं नसतं. ते दुसऱ्याच्या भाषेत तुला सांगता आलं, आणि ते तू मला सांगितलंस. संगीताला नाही, मला. आणि मी तुला पंखा दुरुस्त करायला सांगितला.

‘म्हणजे काय रे?’ एवढे तीन शब्द मला लिहायचे होते. वर्गात मी रोज पोरांना सांगते, समजलं नाही तर विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. तुझ्यापुढे मला कमीपणा वाटला. इतकी वर्षं ज्याला चिखल म्हटलं, त्याचा अर्थ कसा विचारायचा?

मागच्या रविवारी मी कारंजाला आले. सकाळची आर्वीची एस.टी., तिथून पुढे दुसरी. धाबा संगीताने पुन्हा सुरू केला आहे, अर्धा दिवस. मी स्वयंपाकाच्या खोलीत गेले तर आत धूर नव्हता. पंखा फिरत होता, छान, आवाज न करता. मी विचारलं कधी केला दुरुस्त? ती पीठ मळत होती. म्हणाली, तुमचा मेसेज आलता ना, त्याच दिवशी वायरमनले बोलावलं त्याईनं. तब्येत बरी नव्हती तरी स्टुलावर चढून टॉर्च धरून उभे होते. ताईनं सांगतलं म्हणे, आता ऐकाच लागन.

मी बाहेर येऊन हँडपंपावर तोंड धुतलं. तिला काही सांगितलं नाही त्या वेळी.

तीन वाजता मुलं आली. कोणी बोलावलं नव्हतं. तेवीस जण नव्हते पूर्वीसारखे, सात होते. बाजा त्यांनीच लावल्या. मी म्हटलं, मला तुमच्या सरांची इंग्रजी येत नाही. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा तो उंच मुलगा म्हणाला, मॅडम, वाचून त दाखवा. म्हणून मी वही उघडली आणि वाचायला लागले. पहिला रकाना चुकत होता, ते मला उच्चार दुरुस्त करून देत होते, आणि दुसरा रकाना मात्र मी असा वाचला, जसा तू लिहिलास तसा, एकही काना-मात्रा न बदलता. एका मुलीने विचारलं की वहीत नसलेला बोल कोणी बोलला तर काय करायचं? सर असते त सांगतलं असतं.

मग मी त्यांना तुझ्या मेसेजची गोष्ट सांगितली. सगळी. पंख्यासकट. परक्या पोरांसमोर सांगितली, जी मी घरात कोणाला सांगू शकले नव्हते. सांगितलं की ज्यानं म्हटलं त्यालाच विचारायचं, त्याच क्षणी, लाज न धरता. मागून विचारायला कोणी राहत नाही. संगीता दारात उभी होती, पिठाचे हात तसेच. तिने सगळं ऐकलं होतं.

मुलं गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं, आता ती विचारेल की ताई, तुम्ही एक फोन का नाही केला. तिला तो हक्क होता. तिने विचारलं नाही. हातावरचं वाळलेलं पीठ चोळून काढलं. मग म्हणाली, “करमत नाई, ताई. रविवारी येत जा.”

मी येईन म्हटलं. आज पुन्हा निघते आहे.

पण काल रात्रीपासून तो शब्द डोक्यातून जात नाही. करमत नाही. तू म्हणायचास ना, इंग्रजीत सगळ्याला काहीतरी सापडतं, नुसतं शोधावं लागतं. ‘मिस यू’ नको सांगूस, ते मलाही माहीत आहे, आणि ते पुरत नाही. आठवण येते हे वेगळं. ती येते आणि जाते. हे जात नाही. घर तेच आहे, माणसं आहेत, काम आहे, चहा गोड आहे, आणि कशातच जीव लागत नाही, दिवस ढकलावा लागतो. जनावर विकल्यावर गोठ्यात उरलेलं दुसरं जनावर करतं तसं. हे इंग्लंडातली ती म्हातारी कसं म्हणाली असती? तिच्या अकरा बोलांत असेल का? मी पूर्ण वही शोधली, नाही सापडलं. तूही कधी विचारात पडला असशील, किंवा तुला कधी गरज पडली नसेल.

मला आता गरज पडली आहे, मिलिंद. याला काय म्हणतात रे?